अकराशे तीनमधला आवाज

प्यो : ही काळी वही टाकून कशी देऊ? वर अध्यक्षांची सही आहे.

नामगुंग : सही आहे म्हणूनच सांगतो. पुठ्ठ्याच्या ढिगात टाका, बुधवारी गाडी येते.

प्यो : दादा, माझा आज पहिला दिवस. तीस वर्षं इथे बुसानमध्ये बस चालवली, एकदा सिग्नल मोडला नाही. निवृत्त होऊन दोन वर्षं घरात बसलो, बायको वैतागली, तेव्हा कुठे या इमारतीत ही पहारेकऱ्याची नोकरी मिळाली. तुम्ही आज चाललात. उद्या कुणी विचारलं, वही कुठे आहे, तर उत्तर मलाच द्यायचंय.

नामगुंग : खरं आहे. मग आधी उघडून बघा.

प्यो : 'दहा वाजून दोन मिनिटे. अकराशे तीन. भुंकणे. चार मिनिटे.' 'तीन वाजून एक मिनिट. अकराशे तीन. भुंकणे.' सगळं हेच?

नामगुंग : सत्तावीस पानं. अक्षर माझं.

प्यो : म्हणजे एजन्सीचा माणूस सांगत होता ते खरं. म्हणाला, नामगुंगला एका कुत्र्यापायी घरी जावं लागलं, तू कुत्र्यांच्या भानगडीत पडू नकोस.

नामगुंग : कुत्र्याला कशाला मध्ये घेतो तो. मी गेलो माझ्या तोंडापायी. सहा वाजून पाच झालेत, साडेसहापर्यंत इथून चिटपाखरू जात नाही. पाणी उकळायला ठेवा आणि बसा. कानावर यायचंच आहे तर नीट येऊ दे.

प्यो : बसतो. पण थोडक्यात.

नामगुंग : थोडक्यात मला येत नाही. बरं का, अकराशे तीनमध्ये तिघं राहतात. नवरा दोकसू, कंपनीची टॅक्सी चालवतो, पहाटे पाचला बाहेर. मुलगी हारिम, मोठ्या दुकानात लाली-पावडरच्या काउंटरवर उभी असते, सव्वानऊला जाते ती रात्री नऊला येते. आणि बोंगनिम. पंचावन्न-छप्पन्नची असेल. मासळीच्या वड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला. सातला निघते, तेव्हा सातला यायची. लिफ्टमध्ये चढली की तळणीचा वास मागे राहतो, त्यावरून मला घड्याळ न बघता कळायचं, सात वाजले.

प्यो : आणि यांनी कुत्रा पाळला?

नामगुंग : पाळला तेव्हा तिघंही घरी होते. साथीची वर्षं आठवा. टॅक्सीला गिऱ्हाईक नाही, दुकान बंद, कारखाना आठवड्यातून तीन दिवस. त्या काळात हारिमने दोन महिन्यांचं पिल्लू आणलं. भाताच्या तळाला खरपुडी लागते ना, तसा रंग, म्हणून नाव नुरुंजी. दोन वर्षं त्या पिल्लाने काय पाहिलं, तर माणसं घरात असतात. कुणी कोचावर, कुणी जमिनीवर, कुणी ओट्याशी. त्याला वाटलं माणसं घरातच उगवतात. मग एका सोमवारी एकामागून एक तिघंही गेले, आणि सव्वानऊनंतर घरात तो एकटा. सातपर्यंत.

प्यो : मग भुंकणारच.

नामगुंग : सुरुवातीला भुंकला. महिनाभर. नंतर गप्प झाला. पण त्या महिन्यात तक्रार गेली ती गेलीच. खाली एक हजार तीनमध्ये वॉनबाई राहतात, त्यांचा मुलगा विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला तिसऱ्यांदा बसतोय. दिवसभर घरात अभ्यास. बाईंनी भांडण नाही केलं, चिठ्ठी लिहून दाराला चिकटवली, शब्द अगदी मऊ. बोंगनिम त्याच संध्याकाळी वड्यांची पिशवी घेऊन खाली गेली, चार वेळा वाकली, माफी मागितली. दोघी बायकांत मिटलं असतं हो. पण चिठ्ठी दारावर असताना कू-सरांनी वाचली.

प्यो : अध्यक्ष.

नामगुंग : रहिवासी समितीचे अध्यक्ष. शाळेत उपमुख्याध्यापक होते. शाळा सुटली, पण घंटा हातातून सुटली नाही. आपल्या या टेबलावर माइक आहे ना, तो त्यांचा जीव की प्राण. इथे बोललं की चौसष्ट घरांच्या छतातून आवाज येतो, आणि कुणाला तो बंद करता येत नाही. आग लागली, पाणी जाणार, त्यासाठी बसवलेला. त्यांनी मला मजकूर लिहून दिला. सकाळी दहाला आणि दुपारी तीनला वाचायचा. 'पाळीव प्राणी बाळगणाऱ्या रहिवाशांनी इतरांच्या शांततेचा भंग करू नये.' आधी ती तीन सुरांची टिंगटाँग, मग मी, मग परत टिंगटाँग. चार मिनिटं.

प्यो : आणि वही?

नामगुंग : वहीही त्यांचीच कल्पना. वरून फोन करायचे, नामगुंग, भुंकतोय, लिहा. मी लिहायचो.

प्यो : इथून ऐकू यायचं?

नामगुंग : प्योभाऊ, मला इथून समोरच्या कोपऱ्यावरची बस ऐकू येत नाही. कुत्रा अकराव्या मजल्यावर.

प्यो : तरी लिहिलंत.

नामगुंग : तीन-तीन महिन्यांच्या कराराचा कागद असतो आपला. तुमचाही तेवढाच असेल. दर तीन महिन्यांनी सही करायला एजन्सीत गेलो की आधी बघायचो, माझ्या नावाचा कागद आहे की नाही. अकरा वर्षं. सांगितलं की लिहायचं, सांगितलं की बर्फ ओढायचं, सांगितलं की कुणाच्या तरी सुनेच्या सामानाच्या पेट्या चढवायच्या. एक ओळ लिहिताना कोण विचार करतो.

प्यो : मीही केला नसता.

नामगुंग : तेच. तर वही भरली, आणि समितीचं पत्र निघालं. पंधरा दिवसांत एकतर कुत्रा इमारतीबाहेर, नाहीतर त्याचा आवाज काढून टाकायचं ऑपरेशन करून दाखला जमा करावा. पत्र पोचवायला मीच. ती कारखान्यातून आली होती, पायात अजून रबरी बूट. उभ्या उभ्या वाचलं. मग मला विचारलं, ''दादा, तुम्ही ऐकलंत का त्याला?'' मी म्हणालो, वहीत आहे. ती म्हणाली, ''वहीचं नाही विचारलं.'' मी म्हटलं, इथे सही करा. आणि तो तिच्या पायांमागून माझ्याकडे बघत होता. शेपूट हलवत होता हो. मीच ते पत्र आणलेलं.

प्यो : पाणी उकळलं.

नामगुंग : ओता. मला साखर दोन. तर घरात काय झालं ते तिनेच नंतर मला सांगितलं, इथे याच स्टुलावर बसून. दोकसू भांडकुदळ नाही, पण त्याला कटकट नको. तो म्हणाला, मिर्यांगला थोरल्या भावाची सफरचंदाची बाग आहे, तिथे सोडू, मोकळी हवा, धावेल, बागडेल. ती तयार झाली. रविवारी तिघं टॅक्सीतून गेले, नुरुंजी खिडकीतून नाक बाहेर काढून. बागेत पोचले. तिथे आधीचा एक कुत्रा होता. झाडाला बांधलेला, दीड हात साखळी. वर्षानुवर्षं तिथेच फिरून फिरून त्याने जमिनीत गोल खळगा पाडलेला, गवताचं पातं नाही. थोरले दीर म्हणाले, हा म्हातारा झालाय, याच्याच जागी तुमचा. वाईट माणूस नाही, त्याच्या बापाने तसंच पाळलं, त्यानेही तसंच.

प्यो : आमच्या गावातही तसंच असतं.

नामगुंग : आमच्याही. मी कधी बघितलं नाही. म्हणजे डोळ्यांनी बघितलं, पण बघितलं नाही. ती त्या खळग्यात जाऊन उभी राहिली म्हणे. मोजून सहा पावलं एका फेरीत. मग नुरुंजीला उचललं आणि गाडीत जाऊन बसली. सफरचंदांची पेटी दिली तीही नाही घेतली. परतताना अर्ध्या वाटेवर बोलली, ''मी याला साखळीला द्यायला वाढवलेला नाही.'' तेव्हा दोकसू गाडी चालवता चालवता म्हणाला, ''आपल्याकडे वेगळं काय आहे? साखळी नाही, एवढंच.''

प्यो : बोलला मात्र खरं.

नामगुंग : खरं बोलला म्हणून तर तिला ते लागलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात अर्धी सुट्टी मागून ती प्राण्यांच्या डॉक्टरकडे गेली. म्हटलं, एकदा ते ऑपरेशन काय असतं ते तरी कळू दे. डॉक्टर तरुण होता, सरळ होता. अर्ध्या तासाचं काम म्हणाला. तिने विचारलं, मग हा भुंकायचा थांबेल? डॉक्टर म्हणाला, नाही, भुंकेल तो, ऐकू येणार नाही एवढंच. तिने पट्टा गुंडाळला आणि निघून आली.

प्यो : एवढ्यावरून?

नामगुंग : तिची एक गोष्ट आहे. सतरा वर्षांची असताना बुटांच्या कारखान्यात होती, इथेच, बंदराच्या मागच्या बाजूला. लाइनवर बोललेलं चालायचं नाही. बोलताना सापडली तर त्या पोरीला कापडी मास्क बांधून दिवसभर सगळ्यांसमोर शिलाईला बसवायचे. मी विचारलं, मग काय करायचात तुम्ही? म्हणाली, ''मास्कच्या आत बोलायचो.'' आणि हसली. मी इतक्या वर्षांत तिला हसताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

प्यो : पुढे?

नामगुंग : पुढे तिने डोकं लावलं. हारिमचा जुना मोबाइल चपलांच्या कपाटावर ठेवला, दाराकडे तोंड करून, आणि कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत आपल्या मोबाइलवर आदल्या दिवसभराचं बघायला लागली. डोक्याला जाळी, हातात भाताचा डबा, बाजूच्या बायका मालिका बघतायत आणि ही स्वतःचं दार बघतेय. काय दिसलं? तर काही नाही. तो तिच्या घरातल्या सपातांवर डोकं ठेवून दाराकडे बघत पडलेला. झोपलेला नाही, पडलेला. लिफ्ट अकराव्यावर थांबली की कान उभे, उठायचा, शेपूट दोनदा हलायची. पावलं दुसऱ्या दाराकडे वळली की परत खाली. असं सकाळपासून संध्याकाळपर्यंत. चित्र पुढे सरकवून सरकवून बघितलं तरी तेच. तिच्या शेजारणीने विचारलं, चित्र अडकलंय का गं?

प्यो : आणि भुंकणं?

नामगुंग : थांबा ना. दहाला छतातून टिंगटाँग वाजली. हा उडून उभा राहिला, नाक वर छताकडे, आणि जो हेल काढला. लांडगा काढतो तसा. माझा आवाज चालू तोवर याचाही चालू. मी थांबलो, हा थांबला. परत सपातांवर. तीन वाजता परत तसंच. सोमवार, मंगळवार, बुधवार. गुरुवारी एक शब्द नाही.

प्यो : गुरुवारी काय होतं?

नामगुंग : वायरमन आला होता, माइकची तार बदलायला. भोंगा बंद.

प्यो : म्हणजे तो भोंग्याला...

नामगुंग : भोंग्याला. शांतता राखा असं मी सांगायचो आणि त्यावर तो ओरडायचा. ओरडला की कू-सरांचा फोन, नामगुंग, लिहा. मी लिहायचो. पानं वाढली की ते म्हणायचे, उद्या जरा जोरात वाचा.

प्यो : हसू येतंय, दादा, पण हसू नये असं वाटतं.

नामगुंग : हसा. मला तेव्हा आलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी ती इथे आली. विचारलं, काल दहाला घोषणा का नव्हती? मी सांगितलं. तिने मोबाइल पुढे केला. मी बघितला. आपल्याकडे घोषणांची वेगळी नोंद असते, ती हिरवी वही, कपाटात आहे. मी ती काढली, ही काळी शेजारी ठेवली. दहा वाजता घोषणा, दहा दोनला भुंकणे. तीनला घोषणा, तीन एकला भुंकणे. सत्तावीस पानं, प्योभाऊ. दोन्हींत माझंच अक्षर, आणि मला दिसलं नव्हतं. वाटलं आता ही मला चार शब्द सुनावेल. तिने सुनावलं असतं तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, ''रविवारी मीटिंग आहे.'' आणि लिफ्टकडे गेली.

प्यो : तुम्हाला बोलवायचं होतं तिला.

नामगुंग : बोलावलं नाही. सांगितलं, मीटिंग आहे. त्या दोन दिवसांत मला झोप नाही. बायको विचारते काय झालं, काय सांगू? अडुसष्ट वर्षांच्या माणसाला नवी नोकरी कोण देतो. रविवारी मी दोन्ही वह्या घेऊन तळघरातल्या हॉलमध्ये गेलो. खुर्च्या मांडायला मलाच बोलवतात, त्यामुळे कुणाला वेगळं वाटलं नाही. तीसेक घरांतली माणसं होती. कू-सरांनी आधी माझ्याकडून काळी वही घेऊन दाखवली, तक्ता करून आणलेला, खडूने रेघा. मग ती उठली. कारखान्याचंच जाकीट अंगात. तिने मोबाइल फिरवला. लोक हसले, कुणीतरी नुरुंजीचा हेल काढून दाखवला. कू-सर लाल झाले. म्हणाले, मोबाइलमध्ये काय वाटेल ते दाखवता येतं, पहारेकऱ्याची नोंद हाच पुरावा. आणि माझ्याकडे वळले. म्हणाले, ''नामगुंग, हे अक्षर तुमचंच ना?''

प्यो : तुम्ही काय म्हणालात?

नामगुंग : मी म्हणालो, ''अक्षर माझं आहे. कान माझे नाहीत.''

प्यो : तोंडावर?

नामगुंग : तोंडावर. आणि मग तोंड उघडलंच आहे तर सगळंच. खाली मला ऐकू येत नाही, फोनवर सांगाल ते लिहिलं, आणि ही हिरवी वही, घ्या, जुळवून बघा. खुर्ची धरून बोललो.

प्यो : मग तिथेच संपलं की.

नामगुंग : तुम्ही कू-सरांना ओळखत नाही. हरलेला मास्तर नवा प्रश्न काढतो. म्हणाले, भोंगा राहू दे. पण मला एक सांगा, ज्या घरातली माणसं बारा-बारा तास बाहेर असतात, त्यांनी मुळात कुत्रा पाळावाच का? प्राण्याची दया असेल तर ती हीच. आणि बघा, बायका माना हलवायला लागल्या. वॉनबाईंनीही हलवली. कारण प्रश्न बरोबर होता.

प्यो : बरोबरच आहे.

नामगुंग : तिलाही माहीत होतं. मला वाटलं, गेली, आता रडेल, सही करेल. मग बोलली. मला शब्द न् शब्द पाठ आहे. ''सर, हा प्रश्न बरोबर आहे. चार दिवस मी त्याला दाराकडे तोंड करून पडलेला बघितलाय, तुम्ही नाही. त्याची मी गुन्हेगार आहे. ते मी घरी निस्तरेन, माझ्या नवऱ्याला आणि मुलीला घेऊन. ते तुमच्या वहीत येत नाही. पण त्याचा आवाज मी कापणार नाही. आज नाही, पंधरा दिवसांनी नाही. दंड लावा, पत्रं पाठवा, मी वाचेन आणि ठेवून देईन. उद्या त्या घरात गॅस गळला, चोर आला, मी न्हाणीघरात पडले, तर बोलणारा तो एकटा आहे. आणि आम्ही बाहेर राहतो म्हणता, तर शिकणारी पोरं सोडून या इमारतीत दिवसभर घरी असतं कोण? तुम्ही आणि तो. मग तुमचं दोघांचं जमायला हवं होतं.''

प्यो : बाप रे.

नामगुंग : कुणी हसलं नाही, कारण हसायचं की नाही ते कुणाला कळेना. मग वॉनबाई उठल्या. तोवर मला वाटत होतं त्या विरुद्ध. म्हणाल्या, आधी तो भोंगा बंद करा. माझा मुलगा म्हणतो, कुत्र्याचं मी चालवून घेईन, टिंगटाँग नको. हात वर झाले. अकरा पत्राच्या बाजूने, एकोणीस विरुद्ध. घोषणा फक्त आग आणि पाणी, असं ठरलं. ते आजही तसंच आहे, तुम्ही लक्षात ठेवा.

प्यो : ठेवतो. आणि घरी निस्तरेन म्हणाली ते? बोलतात सगळे.

नामगुंग : त्याच रात्री तिने दोकसूला सांगितलं, उद्यापासून दुपारचं जेवण घरी. तो म्हणाला, वीस वर्षं मी ड्रायव्हरांच्या खानावळीत चौघांबरोबर जेवतोय, सूप तिथलंच लागतं. ती म्हणाली, भात कुकरमध्ये आहे, कुत्रा दाराशी आहे. पहिले तीन दिवस तो आला नाही. चौथ्या दिवशी साडेबाराला टॅक्सी इथे समोर लागली, तोंड एवढंसं. वर गेला, पंधरा मिनिटांत पट्टा घेऊन खाली. आता रोज येतो. मागच्या महिन्यात खानावळीतले दोघं इथे येऊन गेले, त्याच्याबरोबर ओढ्याच्या कडेने फिरले, तिघं पुरुष आणि एक कुत्रा. हारिमने रविवारची सुट्टी सोडून बुधवारची घेतली, मित्रांवर पाणी सोडलं.

प्यो : आणि ती स्वतः?

नामगुंग : तिने संध्याकाळचं जादा काम सोडलं, आता साडेपाचला घरी येते. मुकादम म्हणाला, जादा काम नको तर पॅकिंगला जागा नाही, शीतगृहात जा. त्याला वाटलं घाबरेल. ती दोन जोड मोजे घालून शीतगृहात गेली. अजून तिथेच आहे. बोटांची टोकं फुटलीत, बघा आली की.

प्यो : म्हणजे एवढं सगळं करून कुत्रा अजून एकटाच असतो.

नामगुंग : असतो. सकाळी तीन तास, दुपारी चार. तिने कधी म्हटलं नाही की प्रश्न सुटला. मी एकदा कौतुक केलं तर म्हणाली, दादा, दहाचे सात झालेत, सात काही कमी नाहीत.

प्यो : आणि तुम्ही?

नामगुंग : मला दोन महिन्यांनी एजन्सीचा कागद आला. वयोमानानुसार करार पुढे चालवता येत नाही. मीटिंगचा उल्लेख नाही, कुत्र्याचा नाही. अकरा वर्षं वय वाढतच होतं, पण ते त्यांना या महिन्यात दिसलं. गोड मानून घेतलं मी. नाही, खोटं कशाला बोलू, गोड नाही मानलं. एजन्सीत जाऊन विचारलं, मीटिंगच्या आधी मी किती वर्षांचा होतो? टेबलावरची मुलगी गोंधळली. तिचा काय दोष. परत आलो.

प्यो : दादा, एक सांगायचंय. काल संध्याकाळी सही करायला आलो तेव्हा कू-सर खाली भेटले. नवी वही दिली मला. निळी. लिफ्टमध्ये कुत्रा कडेवर असतो की खाली चालतो ते लिहायचं. कडेवर घ्यायचा नियम आहे म्हणाले.

नामगुंग : आहे नियम.

प्यो : मी हो म्हणालो.

नामगुंग : पहिल्या दिवशी कोण नाही म्हणतं? मला विचारू नका काय करू म्हणून. मी सत्तावीस पानं भरलेला माणूस आहे. कडेवर नसेल तर नाही लिहा, असेल तर आहे लिहा. डोळे तुमचे असू द्या, एवढंच.

प्यो : ती येतेय बहुतेक. लिफ्ट अकराव्यावरून निघाली.

(लिफ्टमधून बोंगनिम बाहेर येते. कुत्रा कडेवर, काखेत गुंडाळलेला कागद.)

बोंगनिम : दादा, अजून आहात. मला वाटलं सहालाच गेला असाल.

नामगुंग : हे प्योभाऊ. आजपासून हे. बस चालवायचे.

बोंगनिम : किती नंबरची?

प्यो : एकशे एक. बंदर ते विद्यापीठ.

बोंगनिम : मग मी बसलेय तुमच्या बसमध्ये. हा नुरुंजी. खाली सोडते, आता इथे लिफ्ट संपली. हुंगू द्या, चावत नाही.

नामगुंग : कागद कसला?

बोंगनिम : सह्यांचा. एक्केचाळीस घरं. पहारेकऱ्याचा करार तीन महिन्यांचा नको, वर्षाचा पाहिजे, आणि रहिवाशांच्या मीटिंगमध्ये विचारल्याशिवाय कुणाला काढायचं नाही. समितीकडे एक प्रत काल दिली. पहिली सही वॉनबाईंची आहे, माझी दुसरी.

नामगुंग : ताई, हे कशाला केलंत? एकोणसत्तरावं लागलं मला. माझा कागद निघाला तो निघाला, आता परत नाही येत.

बोंगनिम : माहीत आहे. तुमच्यासाठी उशीर झाला. मीटिंग जिंकले आणि तीन आठवडे कुत्र्याच्या वेळा लावत बसले, तुमच्याकडे बघायचं राहिलं. कागद आला हे मला नवऱ्याकडून कळलं. त्याची माफी मागायला आलेय. हा कागद तुमच्यासाठी नाही.

प्यो : मग कुणासाठी? नाव कुणाचं आहे यात?

बोंगनिम : नाव कुणाचंच नाही. वाचा. 'या खोलीत जो कोणी बसेल तो.'

प्यो : मला तर तुम्ही आत्ता बघताय. मी कसा माणूस आहे तुम्हाला काय माहीत?

बोंगनिम : सह्या घेताना मला कुणी विचारलं नाही. मीही कुणाला सांगितलं नाही.

नामगुंग : कू-सर भडकतील.

बोंगनिम : भडकू देत. त्यांच्याही घरी गेले होते सही मागायला. दार उघडलं, पूर्ण वाचलं, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारून दिलं आणि सही न करता दार लावलं. सुधारून घेतलं मी. चूक होती ती होती. ही दुसरी प्रत बाहेर काचेच्या फळ्यावर लावायची आहे, सगळ्यांना दिसेल अशी. मला सातची बस गाठायचीय आणि त्याआधी याला ओढ्यापर्यंत नेऊन वर सोडायचंय. कागद इथे ठेवते. लावा किंवा लावू नका. नाही लावलात तर मी उद्या परत घेऊन येईन, परवाही येईन. चल रे. दादा, बायकोला नमस्कार सांगा. बोट दुखतंय, हात नाही मिळवत.

नामगुंग : या, ताई. जपून.

प्यो : गेली.

नामगुंग : अशीच जाते. बरं, मीही निघतो. डबा घेतला, छत्री घेतली. हे बघा, प्योभाऊ, तो कागद. तुमच्यावर जबरदस्ती नाही. पहिल्याच दिवशी फळ्यावर असलं काही लावलं तर एजन्सीला फोन जाणार, हे मला दिसतंय. तुमच्या घरीही माणसं आहेत. खणात ठेवलात तरी ती तुम्हाला वाईट म्हणणार नाही. मीही नाही.

प्यो : कू-सर किती वाजता खाली येतात?

नामगुंग : साडेसातला. व्यायामाला.

प्यो : दादा, जाण्याआधी एक दाखवा. या जुडग्यात काचेच्या फळ्याची किल्ली कुठली?